दाराशी ठेवलेल्या चपला

सॉल्ट लेक, आषाढ

प्रिय सुश्रुत,

पनामातल्या ज्या ओढ्यावर तू बेडकांचा अभ्यास करतोस, तिथे आता एकही बेडूक ओरडत नाही, असं तू फोनवर सांगितलंस. कातडीवरच्या बुरशीने सगळे गेले. मग म्हणालास, "आई, यंदाही येत नाही. माझ्या बुटांबरोबर ती बुरशी आपल्या घरामागच्या पुकुरात, त्या तळ्यात आली तर?"

"बूट धू की रे."

"ब्लीचने धुतो गं. तरी भीती वाटते."

काल दुपारी माझा डोळा लागला. पुकुराच्या पाण्यातून बेडूक निघाले, ओलेच जिना चढून आले आणि दाराशी कुणाची तरी वाट पाहत बसले. त्यांना हाकलावंसं वाटलं नाही. जाग आली तेव्हा ते खाली ओरडत होते.

मग मी माळ्यावरून तुझ्या जुन्या रबरी चपला काढल्या. त्या फार तर पुकुरापर्यंत गेल्यात. तिकडचा चिखल त्यांना ठाऊक नाही. पुसून दाराशी ठेवल्या आहेत.

हे पत्र तुला मिळालं, तर तू बेडकांचा विचार सोडून माझा करशील. म्हणून पाठवत नाही. चपला मात्र आत घेणार नाही.

तुझी,
आई