तिसऱ्या खेपेआधीचा चहा

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा राग येतो. काल वर्गात ॲडेनोसिन शिकवत होते. नर्सिंगच्या मुलींना सांगितलं, माणूस जागा राहून खपतो तसं हे रसायन मेंदूत साठत जातं, तिथल्या ठरलेल्या जागांवर, म्हणजे रिसेप्टरवर, बसतं आणि झोप येते. चहातलं कॅफीन त्या जागा अडवून धरतं. झोप जाणवत नाही एवढंच, शीण होता तिथंच असतो. एका मुलीनं विचारलं, "मग चहावर गाडी रेटणारे, मॅडम?" मी तिच्यावर खेकसले. तिचा काय दोष?

"चहा पिला की झोप मरती," हे तुमचं ज्ञान. दुष्काळात तुम्ही सहकारी कारखान्याच्या पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. गोदावरीकाठी भरायचं, तलवाड्याकडच्या वस्त्यांवर ओतायचं. दूध सगळं डेअरीला, म्हणून चहा कोरा, पावडर दुप्पट. अभ्यास करताना मला डुलकी लागली की पाठीत धपाटा, "लई लाडावली हाय झोप तुजी!" झोपणारा माणूस तुमच्या लेखी कामचोर. दुसरा ड्रायव्हर काम सोडून गेला तेव्हा चेअरमनला छाती काढून सांगितलंत, "मी एकटाच वढतो." कुणी सांगितला होता हा शहाणपणा? चेअरमनचाही राग येतो, पण तुमच्याइतका नाही.

त्या दुपारी दोन खेपा करून तुम्ही घरी येता. ताटाला हात लावत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणता, "अर्धा तास पडू दे, बाई. मंग उठीव." आणि घोंगडीवर आडवे होता. तिसरी खेप आपल्या गल्लीची. घागरी सकाळपासून रांगेत, सगळ्यात पुढं आपली. शेजारची मावशी दारातून ओरडते, "बाप झोपलाय व्हय गं? अन् आमी काय उनात वाळायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झोपणारा कामचोर, हे तुम्हीच शिकवलं होतं ना?

ती खेप गल्लीत आलीच नाही. पुलाच्या अलीकडं टँकर खड्ड्यात उलटला होता आणि तुम्ही स्टिअरिंगखाली. पोलीस म्हणाला, डोळा लागला असेल.

हे पत्र वहीतच राहील. तुम्हाला उठवलं तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "झाला अर्धा तास?" मी चहाचा ग्लास पुढं करून म्हणाले, "झाला."

अण्णा, दहा मिनिटंही झाली नव्हती.