फणसाच्या गाण्याचा निकाल

हमद टाउन, ६ मे २०२५

ती. अक्कास जयप्रकाशचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघं इथं आखातात खुशाल. फोनवरच विचारलं असतं, पण लेक निधी कान देऊन बसते, म्हणून पत्र.

परदेशातल्या शिक्षकांचा एक सरकारी पेन्शन फंड आहे. त्याचं काम आमच्या ऑफिसात चालतं. आक्षेपार्ह गाणी खपवणाऱ्या कंपन्यांचे शेअर विकून टाकायचे, असं फंडानं ठरवलंय. मराठी गाणी ऐकून शेरा लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. दिवसभर हेडफोन लावून बसतो. पाय ताल धरतात, साहेब बघत राहतात.

अडलोय एका गाण्यावर. ‘परसातलो फणस पिकलो, भावोजी, चाचपून बघा.’ यात फणसच आहे ना? आणि आवाज हुबेहूब तुझा वाटतो, पण तसं कसं असेल!

दाजींना नमस्कार. विचारलं म्हणून माया कमी करू नकोस.

तुझा, जयप्रकाश

वेंगुर्ले, २५ मे

चि. जयप्रकाशास अनेक उत्तम आशीर्वाद.

आवाज माझाच. शिमग्यात आमच्या बचत गटाचं गाणं त्या कंपनीनं रेकॉर्ड करून नेलं. दिवाळीला दुसरंही घेणार आहेत.

अर्थ थोरल्या बहिणीनं कसा लिहायचा, मेल्या? स्मिताला विचार. तुमच्या लग्नात बायकांनी हेच म्हटलं, तेव्हा नवरी असून तीच सर्वांत मोठ्यानं हसली होती. तू मात्र मान डोलावत होतास, फणस आवडतो म्हणून.

माझ्यासाठी खोटं लिहू नकोस. जिवाला जप.

तुझी, अक्का

हमद टाउन, १४ जून

ती. अक्कास शि. सा. न.

स्मिता हसत उठून गेली. अर्थ दुसऱ्या दिवशी सांगितला. मी साहेबांना स्पष्ट सांगितलं की गाणारी माझी सख्खी बहीण, मी मत देणार नाही. मग गाणं अख्तरुन्निसा मॅडमकडे गेलं. त्या हैदराबादच्या, मराठी मफी, म्हणजे इथल्या बोलीत शून्य. त्यांनी कुणाकडून तरी शब्दाला शब्द अर्थ लावून घेतला आणि शेरा मारला, ‘फळबागेविषयी माहितीपर गीत.’ कंपनी सुटली. तुमची दिवाळीही शाबूत.

आता तरी निवांत राहा, आणि लोभ ठेव.

जयप्रकाश

वेंगुर्ले, २ जुलै

चि. जयप्रकाशास आशीर्वाद.

तुझं पत्र गटात वाचून दाखवलं आणि पस्तावले. आमच्या आज्या-पणज्यांनी पदर तोंडाला लावून गायलेलं गाणं, आणि ते म्हणे माहितीपर! लक्ष्मीकाकू तर जेवली नाही. दिवाळीचं रेकॉर्डिंग गेलं तरी चालेल, असं सगळ्यांनी ठरवलंय. गाणं आक्षेपार्हच आहे. सोबत तिसरं कडवं पाठवते. स्मिताकडून अर्थासकट लिहून घे आणि मॅडमना दे. तू वाचू नकोस.

नाराज, पण तुझीच, अक्का

हमद टाउन, २९ जुलै

ती. अक्कास शि. सा. न.

स्मितानं लिहिलेला कागद मी बंद पाकिटात दिला. मॅडम मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचू लागल्या. दुसऱ्या ओळीला थांबल्या, पाणी प्यायल्या आणि उरलेलं मनात वाचलं. त्याच दिवशी फंडानं त्या कंपनीचे सगळे शेअर विकले. शेरा आता ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असा आहे. गटाला अभिनंदन सांग.

मॅडमनी विचारलंय, चौथं कडवं आहे का? ऑफिसच्या कामासाठी नकोय.

तुझ्या मायेचा धनी,
जयप्रकाश