मागच्या दाराचं कुलूप

ताई,

पाया पडतो. मी मजेत आहे, एवढंच आईला वाचून दाखव.

नाताळच्या खरेदीला नुसती झुंबड आहे. आम्ही गोदामात खोकी बांधतो. चोरी नको म्हणून मालकांनी मागच्या दाराला कुलूप घातलंय. डोक्यावरच्या दिव्यांच्या माळा तापून जळका वास येतो. मी बोललो तर मुकादम म्हणाला, "घाबरट, आधी नाक धुऊन ये!"

दुकानात गिऱ्हाइकांनी नाताळची इच्छा लिहून टाकायची पेटी आहे. मीही चिठ्ठी टाकली, मागचं दार उघडं ठेवा. मालकांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली, पोट धरून हसले. आज दाराला दुसरंही कुलूप आहे.

आईचे गुडघे कसे आहेत? तुझा लाल स्वेटर मी स्वतः घेऊन येणार होतो. पण आजच पोस्टानं पाठवतो.

तुझाच,
धाकटा