म्हंजे तुमचं म्हणणं असं की

आबा, तुमची एक सवय साऱ्या गावाला नकोशी झाली होती. समोरचा काही बोलला की उत्तर द्यायच्या आधी तुम्ही त्याचंच बोलणं त्याला परत ऐकवायचात, "म्हंजे तुमचं म्हणणं असं की" अशी सुरुवात करून, सावकाश. केजच्या कचेरीतला मुन्शी एकदा वैतागून म्हणाला, "अरे पटेल, मेरीच बात मेरेकू कायकू सुनाते?" तुम्ही त्याला तेवढंही परत ऐकवलंत. मी उर्दू शाळेत चार बुकं शिकलेला. शेजारी उभं राहायची लाज वाटायची.

मग दिंद्रुडचे पाहुणे ताईला बघायला आले तो दिवस. आई जाऊन वर्ष झालेलं, चुलीपाशी ताई एकटीच. ओसरीवर घोंगड्या अंथरल्यात, पाहुण्यांपुढे पानाचं तबक फिरतंय, आणि मी दारात उभा राहून मनातल्या मनात तुम्हाला विनवतोय, आज तरी ते नको. याआधी दोन ठिकाणी ठरत आलेलं मोडलं होतं. आता सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात मुलाचा चुलता म्हणाला की पोरगी चांगली आहे, पण आईवेगळी, तिला वळण कुणी लावलं असणार. आत भांड्यांचा आवाज थांबला. माझ्या तोंडात शिवी आली होती.

तुम्ही हातातलं पान खाली ठेवलंत. "म्हंजे तुमचं म्हणणं असं की, आई मेलेल्या पोरीला वळण नसतंय."

चुलता चाचरला, तसं न्हाई म्हणाला. तुम्ही तेही परत म्हणालात. कुणीतरी हसलं. मुलाची आजी, म्हणजे चुलत्याची आई, भिंतीला टेकून बसली होती, ती त्याच्याकडे वळली. "मी रांगत होते तवा माझी आई गेली. तुला वाढवलं ते कुनी रं?" मग तिनंच सुपारी पुढे सरकवली.

ताई त्या घरात मानानं नांदली. सोयरिकीच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगतोच, आमच्या आबांनी त्या माणसाला त्याच्याच शब्दांनी गप्प केलं म्हणून, आणि सांगताना ताठ बसतो. सुना कंटाळतात, कंटाळू देत.

पण तुम्ही ते समजून बोललात की नुसत्या सवयीनं, हे मला ठाऊक नाही. तुम्ही होतात तोवर विचारायचं धाडस झालं नाही. तुम्ही माझाच प्रश्न मला परत ऐकवला असता. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहितो. लोकांना मी, तुम्ही समजून बोललात, असंच सांगतो, आणि आता तेच खरं वाटतं.