तंबूच्या काठ्या

प्रिय सरकार,

काल संध्याकाळी ट्रेकहून धडधाकट परत आलो. गुडघे जागेवर आहेत, बूट गॅलरीत उलटे टांगलेत आणि बैठकीच्या खोलीत दोरी बांधून सगळे ओले कपडे वाळत घातलेत. तू असतीस तर माझी काही खैर नव्हती. तू नाहीस, म्हणून ते खुशाल लोंबताहेत आणि मी त्यांच्याखालून मान वाकवून स्वयंपाकघरात ये-जा करतोय. नातू शाळेत जायला लागेपर्यंत, म्हणजे आणखी वर्षभर, लेकीकडे राहू का, असं तू विचारलं होतंस. ट्रेकहून आल्यावर सांगतो म्हणालो होतो. सांगतो, पण आधी माझी फजिती ऐक.

निघताना सॅक मी मोठ्या हौसेने भरली. तंबूचं कापड, खुंट्या, दोऱ्या, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. पहिल्या मुक्कामाला पोचलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. तंबू उभारायला बसलो आणि लक्षात आलं, काठ्याच नाहीत! इतकी वर्षं कापड माझ्या पाठीवर आणि काठ्या तुझ्या. माझ्या वाट्याचं मी चोख घेतलं होतं. तुझ्या वाट्याचं घरी माळ्यावर, तुझ्या सॅकमध्ये. आपल्या म्होरक्याने कपाळाला हात लावला, बाकीचे पोट धरून हसले. मीही हसलो. मग मला मोठ्या तंबूत कॉलेजच्या पोरांमध्ये कोंबलं. पोरं गुणाची. मधली कोरडी जागा मला दिली, काका पाय पसरा म्हणाली आणि पडल्या पडल्या घोरायला लागली. इकडून एकाचं कोपर, तिकडून दुसऱ्याचा गुडघा. एवढ्या गर्दीत मला फार एकटं वाटलं गं. घरी एकटा असतो तेव्हाही इतकं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेतल्या ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं. म्होरक्याने सगळ्यांना सावकाश, एकामागून एक यायला सांगितलं. मध्यावर पोचलो आणि सवयीने, मागे न बघता, मी हात मागे केला. मागे आपले दातांचे डॉक्टर होते, तेही या ट्रेकला आले होते. त्यांनी तो मुकाट्याने धरला आणि काठ येईपर्यंत सोडला नाही. काठावर आल्यावर काय बोलावं ते दोघांनाही कळेना. शेवटी त्यांनी माझ्या दाढेची चौकशी केली. दाढ बरी होती, पण मी ठणकतेय म्हणून सांगितलं. आता सोमवारी दाखवायला जावं लागणार आहे.

शेवटच्या दिवशी माथ्यावर पोचलो. ढगांत समोरचा माणूस दिसत नव्हता, पण फोनला रेंज आली. जो तो घरी फोन लावून वर पोचल्याचं ओरडून सांगायला लागला. मीही लावला. तू नातवाला भरवत होतीस आणि त्याने भोकाड पसरलं होतं. पाय बरे आहेत ना, मजा येतेय ना, असं तू घाईघाईने विचारलंस. एकदम मजेत, असं मी म्हणालो. मग बाकीच्यांचं बोलणं उरकेपर्यंत बाजूला जाऊन पावसात उभा राहिलो.

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून मजेतच निघतं, म्हणून हे लिहायला बसलो. खुशाल राहा, माझी काळजी करू नकोस, असं सांगायचं मी निघतानाच ठरवलं होतं. वाक्यसुद्धा घोकून ठेवलं होतं. लेकीची नोकरी, जावईबापूंची सततची फिरती, नातवाला लागलेला तुझा लळा, सगळं मला समजतं. पाळणाघर शोधावं लागेल, लेक माझ्यावर रुसेल, तेही समजतं. समजून-उमजून सांगतोय. मी मजेत नाही. मला तुझ्याशिवाय करमत नाही, आणि या वयात करमून घ्यायला शिकायचंही नाही. घरी ये.

तुझाच,
म्हातारा