किंचाळी रविवारी

३ मार्च, सोमवार

शब्द — नाही.

डॉक्टरीणबाईंनी ही वही लिहायला सांगितलीय. ठमी दिवसभरात काय काय बोलली ते रोज मांडायचं आणि चोवीस तारखेला वही घेऊन यायचं. चांगली दोनशे पानी आणली. पण पोरगी बोलायला तर हवी! दोन वर्षं आठ महिन्यांची झाली. हाक मारली की बघते, वाटी आण म्हटलं की वाटी आणते, म्हणजे कळतं सगळं. तोंडातून मात्र काही नाही. आईसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, चार शब्द जरी आले तरी थांबू. नाही आले तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवते, तपासण्या करायला. कसल्या तपासण्या विचारलं तर म्हणाल्या, आत्तापासून घाबरू नका. असं कुणी म्हटलं की मला जास्तच भीती वाटते.

रोज नुसतं नाही नाही किती लिहायचं? म्हणून बाकीचंही लिहिते. ती पानं नंतर फाडीन. सातवीतून शाळा सुटली माझी, अक्षर बघवत नाही.

आज भाऊजी आले होते. धाकटे दीर. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्यांचं, पण डोक्यात सिनेमा. कुठलीशी स्पर्धा आहे, पाच मिनिटांचा भुताचा सिनेमा करायचा आणि महिनाअखेरीला पाठवायचा. घरभर फिरून म्हणाले, "वहिनी, तुमचं घर म्हणजे तयार सेट आहे."

कौतुक केलं का नाव ठेवलं, कळलं नाही.

५ मार्च, बुधवार

शब्द — नाही.

सेट कशामुळे, तर अंधारामुळे. ह्यांची बाटल्यांच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी. सकाळी आठला येतात आणि चारपर्यंत झोपतात. दोन खोल्या, मधे दार नाही, नुसता पडदा. बाहेरच्या खोलीतला उजेड आत जातो म्हणून दोन्हीकडच्या खिडक्यांना ब्लँकेटं ठोकलीत. लग्न झाल्यापासून. बेलची वायर काढून ठेवलीय. कुकर चारनंतर. मी भांडं ठेवते तेसुद्धा फडक्यावर. भाऊजी म्हणतात, लोक अशा अंधारासाठी स्टुडिओ घेतात.

ह्यांना विचारलं. वाटलं नाही म्हणतील, आपली सुटका होईल. तर म्हणाले, करा की, फक्त मला उठवू नका.

संध्याकाळी कामावर जायच्या आधी हे ठमीला घेऊन बसले. ती पलंगावरून उड्या मारत होती. "उड्या नको बाळा, आई घाबरते." रोजचं वाक्य आहे त्यांचं. पण खरंच आहे. मी घाबरते. ती पडेल म्हणून, ती आजारी पडेल म्हणून, आता ती बोलणारच नाही म्हणून.

८ मार्च, शनिवार

शब्द — नाही.

सिनेमात मीच! नायिका व्हायला कोणी मिळाली नाही म्हणून. एक बाई मुलाला झोपवत असते, मागचं कपाट आपोआप उघडतं, आत भूत. बाई किंचाळते. संपलं. भाऊजी म्हणाले, तुम्हाला काही करायचंच नाही वहिनी, तुमचा चेहरा मुळातच घाबरलेला आहे.

भूत म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताई. चांगल्या धिप्पाड. काळ्या लोकरीचा टोप त्यांनी स्वतःच केला, पांढरा गाऊन शिवला, त्याला खिसासुद्धा लावला. भुताला खिसा कशाला विचारलं तर म्हणे, चष्मा कुठे ठेवू? कपाटात काही मावेनात. मधली फळी काढली तेव्हा बसल्या. त्यांना हसू आवरेना. आवाज करायचा नाही म्हणून तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या आणि कपाट हलत होतं. चेहऱ्याला पीठ फासलेलं. ठमी घाबरेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते, तर ती जाऊन भुताच्या मांडीवर बसली.

हे आत झोपलेले, म्हणून बोलणं बंद. सगळं हातानं. मूठ दाखवली की सुरू, पंजा दाखवला की थांबा. आवाज नंतर चिकटवणार. मी म्हटलं, मग किंचाळायचं कसं? भाऊजी कानाशी येऊन म्हणाले, "आत्ता नुसतं तोंड उघडा. किंचाळी रविवारी घेऊ, दादा जागा असतो तेव्हा."

ठमीला ते मूठ आणि पंजा दोन मिनिटांत जमलं. भाऊजींच्या शेजारी उभी राहून तीही मूठ दाखवायला लागली. ताई आणि भाऊजी कौतुकाने बघत होते. मला रडू आलं. मुक्या मुलांना असंच शिकवतात ना.

१० मार्च, सोमवार

शब्द — नाही. चौदा दिवस राहिले.

११ मार्च, मंगळवार

शब्द — नाही.

आज वीस वेळा तोंड उघडलं. मोजलं मी. वीस वेळा भाऊजींनी पंजा दाखवला आणि मान हलवली. शेवटी स्वयंपाकघरात नेऊन म्हणाले, खोटं वाटतंय वहिनी, भीती दिसत नाही.

कमाल आहे! मी चोवीस तास घाबरलेली असते, सगळे त्यावरून मला हसतात, आणि कॅमेऱ्यापुढे म्हणे खोटं वाटतं. कॅमेरा कसला, फोनच तो, काठीला रबरबँडने बांधलेला. मधेच घसरतो आणि जमीन दिसते.

त्यात ठमीचं सगळं वेळापत्रक बिघडलंय. जरा पाय आपटला की भाऊजींचं तोंडावर बोट. ताईंचं तोंडावर बोट. आणि मीही तेच करते! एका शब्दासाठी मी तडफडतेय आणि घरात तीन-तीन माणसं पोरीला गप्प करतायत. सांगावंसं वाटलं, न्या तुमचं भूत इथून. नाही सांगितलं. मला कुणाला काही सांगताच येत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

शब्द — नाही.

नवीन खूळ. म्हणे खोलीचा आवाज हवा. मी म्हटलं, कसला आवाज? तर म्हणे काहीच घडत नसतं तेव्हा खोलीचा जो असतो तो. तो सिनेमाखाली अंथरायचा, नाहीतर सिनेमा मेल्यासारखा वाटतो. काहीच घडत नसताना आवाज कुठनं येणार? पण भाऊजींचं ठरलेलं. ह्यांचा जुना फोन रेकॉर्डिंग चालू करून दिवसभर ठेवायचा. कुठे ठेवायचा ते शोधत फिरले आणि ठमीच्या खेळण्यांच्या टोपलीत ठेवला, पलंगामागच्या कोपऱ्यात. ती तिथेच बसते मोज्याची बाहुली घेऊन. ताईंनीच करून दिलीय, चिंध्या भरून.

मी म्हटलं, तिथे पोरगी असते. भाऊजी म्हणाले, म्हणूनच, सगळ्यात शांत कोपरा तोच. ती कुठे बोलते?

मुद्दाम बोलले नाहीत. मला माहीत आहे. पण दिवसभर घास उतरला नाही.

१६ मार्च, रविवार

शब्द — नाही.

आज किंचाळी होती. झाली नाही. ह्यांना डबल पाळी लागली, सकाळी येऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. भाऊजी दारातून परत गेले, तोंड एवढंसं करून. ताई टोप घालून जिना चढून आल्या होत्या, त्याही परत. जिन्यात पेपरवाला भेटला, त्याने पेपर टाकला आणि पळाला म्हणे. सिनेमात कुणी घाबरेल का माहीत नाही, पेपरवाला घाबरला.

१८ मार्च, मंगळवार

शब्द — नाही.

भांडण. खोलीचा आवाज खराब आला. भाऊजी म्हणतात, त्यात कुणीतरी फुसफुसतंय, मधे मधे, बराच वेळ. त्यांनी ताईंना धरलं. ताई चिडल्या. "मी त्या कपाटात श्वास कोंडून बसते, घामाने निथळते, आणि मी फुसफुसते?" मग माझ्याकडे वळले. वहिनी, तुम्ही काही पुटपुटता का काम करताना, जप वगैरे? मी म्हटलं, या घरात मी शिंकसुद्धा गिळते.

मग कोण?

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मी दुपारभर कपाटाकडे पाठ करून बसले नाही.

२० मार्च, गुरुवार

शब्द — नाही.

ह्यांना सांगितलं, घरात काहीतरी आहे. म्हणाले, पंख्याचा असेल आवाज. पंखा असा थांबून थांबून फुसफुसतो का? दुपारी ते आत घोरत होते, ठमी कोपऱ्यात पाठमोरी बसलेली, आणि मला वाटलं मलाही ऐकू आलं. अगदी बारीक. मी जवळ गेले तर काही नाही. ठमी वळून माझ्याकडे बघायला लागली. तिला उचलून मी जिन्यात जाऊन बसले, हे उठेपर्यंत. चांगला दीड तास.

भाऊजींना आता त्याच आवाजाचा आनंद. खराब झाला म्हणून डोकं धरलं होतं, आता म्हणतात नशीब काढलं, असा आवाज पैदा करायला लोकांना जमत नाही. दुकानात मोठा करून तोच भुताला लावणार. नीट ऐकलं का, काय म्हणतंय, विचारलं. म्हणाले, अजून नुसतंच फुस फुस आहे, साफ करायला वेळ लागेल.

मी म्हटलं, मला ऐकवू नका.

२१ मार्च, शुक्रवार

शब्द — नाही. वही उघडायचीच भीती वाटते आता.

२३ मार्च, रविवार

शब्द — नाही.

उद्या डॉक्टर. आणि आज किंचाळी.

हे जागे होते. खुर्ची घेऊन बघायला बसले, जणू सर्कस आलीय. भाऊजींनी फोन तोंडापुढे धरला. मी ओरडले. बारीक चिरका आवाज आला. ताई म्हणाल्या, अगं उंदीर का तू? परत. परत तेच. दहा-बारा वेळा झालं. आवाज घशापर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा. पाच वर्षं दाबलेला आवाज रविवारी सांगून कसा निघणार?

भाऊजी वैतागले. स्पर्धा हातची जाणार. मग म्हणाले, "वहिनी, उद्याचं डोळ्यापुढे आणा. डॉक्टर म्हणाल्या, ही कधीच बोलणार नाही."

मी किंचाळले.

कुठून आला आवाज माहीत नाही. थांबेचना. भाऊजींच्या हातातला फोन पडला. ताई कपाटातून सबंध बाहेर आल्या. शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं. हे उठून उभे राहिले, मला धरायचं का भावाला मारायचं त्यांना कळेना. भावाला म्हणाले, "चालता हो." एवढंच.

मी खाली बसले होते. ठमी कोपऱ्यातून आली. मला वाटलं घाबरली असेल, रडेल, काहीतरी आवाज काढेल. नाही. जवळ येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडावर बोट ठेवलं. अगदी मी ठेवते तसं.

जाताना भाऊजी माफी मागत होते. डोळे लाल झालेले. आवाज मात्र मिळाला म्हणे, फोन पडेपर्यंतचा. सकाळी साडेनऊला सिनेमा घेऊन येतो, दादा आल्यावर, तुम्ही डॉक्टरकडे निघायच्या आधी. बघा, आवडला नाही तर पुसून टाकतो, पाठवत नाही.

मला काही बघायचं नाही. मी पानं फाडायला घेतली होती. फाडली तर वहीत उरणार काय? अकरा वेळा नाही.

२४ मार्च, सोमवार

भाऊजींनी सिनेमा लावला. कपाट उघडलं. भुताचा आवाज आला, साफ केलेला, मोठा केलेला. भाऊजींनी तुकडे कापून उलटसुलट जोडले होते, त्यांना त्यात भूतच ऐकू येत होतं. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, हे नको, कापायच्या आधीचं लावा.

लावलं. ठमीचा आवाज. कोपऱ्यात बसून मोज्याच्या बाहुलीला थोपटत होती, त्याचीही थपथप आलीय. कुजबुजत होती. आमच्या घरात बोलतात तसं.

तीनदा ऐकलं. हे झोपायला गेले नाहीत. स्टूल घेतलं आणि खिडकीवरचं ब्लँकेट ओढून काढलं, खिळ्यांसकट.

अकराला निघायचंय. पानं फाडत नाही.

शब्द — शू. बाबा झोपले. शू. आई घाबरते.