डाव्या मोज्याचं सूप

३ मार्च
बाबांची चव गेली! जिन्यावरून पडले तेव्हा डोक्याला मागून मार बसला होता, त्यात वासाची नस दुखावली म्हणे. वास नाही म्हणून चवही नाही. "परत येईल?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "येईलही, नाहीही. थोडे दिवस वाट बघा." बाबा खुर्चीत ताठ. आईने रुमाल तोंडाला लावला. डॉक्टरांना वाटलं, रडतेय. मी शेजारीच होते ना — ती हसत होती.

५ मार्च
छापखान्यात सध्या एका जाडजूड पाककृतींच्या पुस्तकाची मुद्रितं तपासतेय. दिवसभर नुसतं "चवीपुरतं मीठ". डोकं उठलं. शेवटी मागच्या कोऱ्या कागदावर माझीच एक कृती खरडली.

डाव्या मोज्याचं सूप. साहित्य — डावा मोजा एक, आठवडाभर वापरलेला (उजवा घेऊ नये, तुरट लागतो). खोडरबर अर्धं. टाचण्या चवीपुरत्या. कृती — मोजा शरण येईपर्यंत उकळावा. वरून पेन्सिलीचा भुसा भुरभुरावा. निवृत्त वजनमाप निरीक्षकाला गरमगरम वाढावं. एका माणसाला पुरतं.

घरी येऊन आईला वाचून दाखवली. हसता हसता ओट्याला धरून खालीच बसली. "टाचण्या चवीपुरत्या," म्हणायची आणि पुन्हा हसायची. आईला असं हसताना मी बघितलेलंच नव्हतं.

६ मार्च
आज आईने स्वतः विचारलं, "नवीन काही लिहिलंस का गं?"
लिहिलं होतं. भिंतीच्या पोपड्यांचं भरीत.

१० मार्च
हे सगळं का, ते एकदा लिहून टाकते.

बाबा दुकानादुकानांतून वजनं तपासत हिंडायचे आणि घरी येऊन आईला तपासायचे. पहिला घास तोंडात. आम्ही सगळे श्वास धरून. मग एका बोटाने ताट पुढे सरकवायचे. ओरडायचेही नाहीत. "हे माणसांनी खायचं?" एवढंच. आई उठून दुसरं करायची. कधी तिसरं. चाळीस वर्षं! शाबास, असा शब्द एकदाही नाही.

एकदा मात्र पातेल्याचं झाकण फेकलं. आईच्या भुवईचे दोन तुकडे झाले. दवाखान्यात "कपाटाचं दार लागलं" असं सांगणारी मीच. नऊ वर्षांची होते. बाबांनी वाटेत पढवून ठेवलं होतं.

१४ मार्च
आज गंमत गमतीपुरती राहिली नाही.

आई बटाट्याचं सूप करत होती. माझा कागद समोर, डब्याला टेकवून ठेवलेला. मधेच तिने गाळणीतला सकाळचा चहाचा चोथा उचलला आणि टाकला पातेल्यात! मी म्हटलं, "आई!" तर म्हणाली, "कुठे कळणारेय त्यांना?"

बाबांनी पहिला चमचा घेतला. थांबले. आईकडे बघितलं. मग दुसरा घेतला. वाटी संपवली.

मी मोरीत जाऊन तोंड दाबून हसले. पोट दुखेपर्यंत.

१५ मार्च
फुलदाणीतलं पाणी. चार दिवसांचं, हिरवं.
संपवलं!

१९ मार्च
पुठ्ठा भिजवून, बारीक वाटून, अंड्यात फेटला. कृती माझीच, क्रमांक सात. बाबा खूप वेळ चावत होते. मी विचारलं, "कसं झालंय, बाबा?" म्हणाले, "चांगलं झालंय."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा! तेही पुठ्ठ्याला! आई पाठमोरी उभी होती. खांदे हलत होते. मला वाटलं, हसतेय.

२७ मार्च
सूपमध्ये आईने भांडी घासायच्या साबणाची चिमूट टाकली. हे माझ्या कागदावर नव्हतं.

बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "फार गरम आहे," म्हणाले. गरम नव्हतं. वाढलं मीच होतं.

२ एप्रिल
छापखान्यातही मी या कृती वाचून दाखवते. जेवणाच्या सुट्टीत सगळे जमतात. बांधणीवाले काका म्हणाले, "अहो, ह्याचंच पुस्तक काढा!" कोणालाच ठाऊक नाही, की निम्म्या करून वाढल्यात.

घरी आले तर बाबा पट्ट्याला नवीन भोक पाडत बसले होते. हातात दाभण. "सैल झालाय," म्हणाले. मला आज हसू आलं नाही.

६ एप्रिल
आईला म्हटलं, "पुरे आता. खंगलेत ते."
"तुला काय होतंय? तुझ्याच तर कृती."
"मी गमतीने लिहिल्या गं."
"मग? मी कुठे रागावलेय?"
आणि भिजवलेला पुठ्ठा पिळून घेतला. नीट, दोन्ही हातांनी.

७ एप्रिल
आज नवीन कृती लिहिली नाही. आईने जुनीच केली. बाबांनी वाटी पुढे केली — "अजून आहे का?"

११ एप्रिल
बाबांना तपासायला घेऊन गेले. आई घरीच राहिली.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली एकेक बाटली धरली. बाबा एकेक सांगत गेले. लवंग. कॉफी. लिंबू. मग जिभेवर थेंब — मीठ. साखर. कडू. एकही चुकलं नाही.

"अरे वा! कधीपासून कळायला लागलं?"
"झाला महिना. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच."

डॉक्टर कागद बघत म्हणाले, "मग वजन सहा किलो कसं उतरलं? जेवत नाही का?"
"जेवतो की. समोर येईल ते सगळं."
माझ्याकडे बघितलं नाही. सदऱ्याची बटणं लावत राहिले. शेवटचं काही केल्या लागेना. मी लावायला गेले तर हात बाजूला केला — हळूच.

वाटेत एकच बोलले. "आईला सांगू नकोस."

१२ एप्रिल
सांगितलंच. आई कांदा चिरत होती. सुरी थांबलीसुद्धा नाही.

"ठाऊक आहे. पहिल्याच चमच्याला माझ्याकडे बघितलं होतं ना त्यांनी? म्हणून तर दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं."

मग म्हणाली, "दोनच ताटं घे. त्यांचं मी वाढते."